पाना खाली ठेव

पिकअपचे स्पार्क प्लग मी स्वतःच बदलायला घेतले, तसे आप्पा गॅरेजमधून तणतणत आले.

"घरात दोन-दोन मेकॅनिक फुकट असताना तू कशाला बॉनेटमध्ये डोकं घालतेस? पाना खाली ठेव. दादा करेल. आटे गेले तर इंजिनाची वाट लागेल!"

"आधी प्लग हाताने फिरवायचा, मग पाना लावायचा. आटे नाही जात."

"हे तुला कोणी शिकवलं?"

"तुम्हीच! शिकवत होतात दादाला. टॉर्च धरायला मात्र दरवेळी मी!"

शेवटचा प्लग इंजिनाच्या पार मागे, अंधारात होता. मी मान वाकडी करून चाचपडत होते, तोच माझ्या खांद्यावरून उजेड पडला.

"दिसतंय का? की जरा वर धरू?"