सात नंबरची रांग

तीन वाजेपर्यंत एकच आकडा कळवायचा होता. शेतात जागा एकाच वाणाला होती आणि साहेबांनी निवड तिच्यावर टाकली होती. ती काचघरात दोन रांगांच्या मधे स्टुलावर बसली होती. डावीकडे तीन नंबरचा मका, उजवीकडे सात नंबरचा.

आई डबा घेऊन आत आली. दारातूनच म्हणाली, "दोन वाजून गेले. उपाशीपोटी अक्कल चालते होय तुमच्याकडे?"

"ठेव तिथे. जेवते."

आईने ठेवला नाही. उघडून, चमच्यासकट तिच्या हातात दिला आणि तिथली रिकामी बादली पालथी घालून वर बसली. कुणी बस म्हणायची वाट बघणाऱ्यातली ती नव्हती.

"अडलंय कुठे?"

लेकीने घास घेतला. "बारा दिवस दोघांचं पाणी तोडलं होतं. तीन नंबरने नवव्या दिवशीच माना टाकल्या. सातने शेवटपर्यंत एक पान मुरडू दिलं नाही."

"मग सात. यात डोकं धरून बसण्यासारखं काय आहे?"

"पाणी परत सुरू करून आज दहा दिवस झाले. बघ ना."

आईने बघितलं. माना टाकणारा तीन नंबर कमरेला लागला होता. सात हिरवागार होता, ताठ होता, आणि गुडघ्याएवढाच होता.

"याला काय झालं? अंग का नाही धरलं?"

"माती सुकली की रोप अंगातच एक रस तयार करतं. तो पानात पोचतो. पानांना बारीक बारीक तोंडं असतात, पाणी उडून जातं ते तिथूनच. रस आल्याचं ओळखणारं काहीतरी त्या तोंडांपाशी असतं. ग्राही म्हणतात, तू कान समज. कानावर आलं की तोंड मिटतं. पाणी वाचतं." लेक उजवीकडे बघत होती. "सातला मीच जास्तीचे कान दिले. दुष्काळ याला सगळ्यांच्या आधी कळतो."

"आणि तोंड मिटलं की वाढ खुंटली."

"हो. हवाही तिथूनच घ्यायची असते त्याला."

"आता पाणी आहे ना. मग उघडायला काय धाड भरलीय?"

"दुपारी माती वरवर जरी सुकली तरी याला तेवढंही ऐकू येतं. लगेच मिटून घेतं." तिने एका पानावरून बोट फिरवलं. "पण एकदा कुरकुर केली नाही गं याने. तीन वर्षं याच्यावर घातलीत मी. सातच कळवणार आहे."

आईने दोन्ही रांगा परत एकदा न्याहाळल्या.

डबा अर्धा झाला तसं लेकीने झाकण लावलं. "पुरे. उरलेलं तू घे."

"मी जेवून आले."

"मग घरी ने, कुणीतरी खाईल."

"घरी पातेलं भरलेलं आहे." आईने झाकण काढून परत तिच्यापुढे धरलं. "लहानपणी पातेल्याच्या बुडाला पळी घासली की तुला पार पलीकडच्या खोलीत ऐकू यायचं. धाकटी दोघं ताटं पुढे करायची. तू म्हणायचीस, मला भूक नाही. मी चारचौघींत मिरवायचे, माझी थोरली किती शहाणी."

लेक हसली. "होतेच मी शहाणी."

"होतीस. धाकटी दोघं तुझ्यापेक्षा वीतभर उंच आहेत."

लेकीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. ती आधी आईकडे बघत होती, मग डावीकडच्या रांगेकडे, मग बराच वेळ उजवीकडच्या. पावणेतीनला तिने फोन लावला.

"साहेब, तीन नंबर." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो, माना टाकतं, मान्य आहे. पण पाणी आलं की उठतं आणि वाढायला लागतं."

फोन ठेवून तिने डबा जवळ ओढला. जेवता जेवता चमचा बुडाला घासला तशी ती थांबली.

आई पिशवीतून दुसरा डबा काढत होती.