डावीकडे

पक्षाघाताच्या झटक्यानंतर महिपतरावांचं डावीकडे लक्षच जाईना. ताटातली डावीकडची चटणी तशीच राहायची, डावीकडे बसलेलं माणूसही त्यांच्या गावी नसायचं. उजवा हात मात्र धडधाकट होता आणि बायकोवर पूर्वीसारखाच उठत होता.

कोथरूडच्या घरी व्यायाम शिकवायला येणारी प्रियदर्शनी द्वारकाबाईंना म्हणाली, "काकू, रोज त्यांच्या डावीकडे बसून हाक मारत राहा. मान वळवून तुमच्याकडे बघायला शिकले पाहिजेत."

डावीकडे बसल्यावर द्वारकाबाईंना लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याशेजारी निर्धास्तपणे चहा पिता आला. वाटलं, हाक मारूच नये. पण माणूस बरा व्हायला हवा, म्हणून त्या रोज नेमाने म्हणत राहिल्या, "अहो, इकडे बघा."

एका सकाळी महिपतरावांनी खरंच मान वळवली. बायको दिसताच शेजारचा तांब्या उचलून त्यांनी तिच्या कपाळावर हाणला. रक्त डोळ्यांत उतरलं, तरी ते मारतच राहिले.

दुपारी टाके बघून प्रियदर्शनी घाबरली. "काकू, हे काय झालं?"



द्वारकाबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या व्यायामाचा गुण आला. उद्यापासून येऊ नका."