कपाळावरचं टेंगूळ

डॉक्टरांनी शर्वीच्या डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकला, कपाळावरचं टेंगूळ हलकेच चाचपलं. "घाबरण्यासारखं काही नाही. पण उद्यापर्यंत लक्ष ठेवा. उलटी झाली किंवा फारच पेंगायला लागली, तर लगेच घेऊन या."

रिक्षात केतकीनं लेकीला छातीशी घट्ट धरलं होतं. शेजारी सासरे अंग चोरून बसले होते. सकाळी केतकी आंघोळीला गेली तेव्हा रांगती शर्वी त्यांच्याजवळ होती, आणि पलंगावरून पडली. "चष्मा घ्यायला वळलो फक्त," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. केतकीनं शर्वीचं टोपडं सारखं केलं आणि बाहेर बघितलं.

घरी आल्यावर ती सारखी शर्वीला हाक मारून बघत होती. पोर हसली की जीव भांड्यात पडायचा, जांभई दिली की पुन्हा धाकधूक. सासरे मात्र दाराशीच उभे होते. एरवी नातीला खांद्यावरून उतरू न देणारा माणूस, आज जवळही फिरकला नाही.

दुपारी शर्वीनंच त्यांच्याकडे बघून दोन्ही हात पसरले. ते मागं सरकले. "नको गं बाळा," ते म्हणाले, "माझ्या हातांचा आता भरवसा नाही."

सकाळपासून गिळलेला राग केतकीच्या घशातच विरला. तिनं शर्वीला उचलून त्यांच्या हातांत दिलं. "धरा, बाबा. मला कुकर लावायचाय."

स्वयंपाकघरात ती ओट्याला टेकून उभी राहिली. कान बाहेर लागले होते. पण तिनं वळून पाहिलं नाही.