जळकोटच्या शाळेतला फोटो

"ह्यात बी न्हाय," म्हणत मथुराबाईंनी फोटोंचा गठ्ठा बाजूला सारला.

मार्तंडनं दुसरा डबा उघडला. तो तुळजापुरात कचेरीत कारकून होता, पण गाव त्याला ओळखायचं ते फोटोंमुळं. निजामाच्या अमदानीत हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेला घडीचा कॅमेरा त्याच्याकडं होता. त्याच्या कातडी भात्याला ठिगळं लावलेली, खटका मधूनच अडायचा. नवा घ्या म्हणून बायको चंद्रप्रभा मागं लागायची.

"नव्याला घाई असते," तो म्हणायचा. "हा बाबा दम खातो. तेवढ्यात समोरचा माणूस कॅमेरा विसरतो आणि खरा दिसतो."

स्टुडिओत, पडद्यावरच्या कारंज्यापुढं ताठ बसवलेली माणसं त्याला आवडत नसत. मंगळवारी तो महाद्वाराच्या रस्त्यावर उभा राहायचा. कवड्यांच्या माळा विकणाऱ्या बाया, बांगड्या भरताना डोळे गच्च मिटणारी नवी नवरी, उसाच्या कांडीवरून भांडणारे दोन म्हातारे. असले फोटो कोण विकत घेणार? तो घरीच धुवायचा आणि बिस्किटांच्या डब्यांत ठेवायचा.

आज त्या डब्यांना किंमत आली होती.

मथुराबाईंचा एकुलता एक मुलगा बलभीम रझाकारांशी लढताना सरहद्दीजवळ पडला, त्याला आता दहा वर्षं होत आली होती. त्याच धामधुमीत त्यांचं घर जळालं आणि त्या भावाकडं जळकोटला राहायला आल्या. तिथल्या नव्या शाळेच्या दालनाला बलभीमचं नाव द्यायचं ठरलं होतं. भिंतीवर फोटो हवा होता. पण त्याचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता, आणि आता भाऊही हयात नसल्यानं जळकोटात त्याला पाहिलेलं कुणी उरलं नव्हतं. तो दर मंगळवारी देवीला यायचा, हे कळल्यावर मार्तंडनंच बाईंना निरोप धाडला होता. रस्त्यावरच्या गर्दीत कुठंतरी तो सापडेलच, अशी त्याची खात्री होती.

मथुराबाई एकेक फोटो उजेडाकडं धरून बघत होत्या. एकाएकी त्यांचा हात थांबला.

चहाच्या दुकानापुढची गर्दी होती. कडेला एक तरुण बशीतला चहा फुंकता फुंकता हसत होता.

"कवाचा ह्यो?"

"पोलीस अ‍ॅक्शनच्या आदल्या सालचा. धोतराच्या सोग्याखाली कॅमेरा लपवून नेला होता मी."

बाईंनी त्या तरुणाच्या तोंडावरून बोट फिरवलं. मग पदर डोळ्याला लावला.

"ह्योच लावा भिंतीला," त्या म्हणाल्या.

मार्तंड लगेच त्या फोटोची निगेटिव्ह शोधायला उठला.

मसुराएवढा चेहरा ताटाएवढा करायचा म्हणजे चेष्टा नव्हती. सोलापूरहून त्यानं मोठा कागद आणला. स्वयंपाकघराची खिडकी घोंगडीनं बंद केली. किती कागद वाया गेले, किती वेळा बारीक कुंचल्यानं ठिपके बुजवले, त्याला गणती नव्हती. शेवटी परातीतल्या पाण्यात ते हसू उमटलं, तेव्हा चंद्रप्रभासुद्धा कपाळावरचे केस सावरत वाकली.

"अगं बाई! हा तर आता बोलेल."

सव्वीस जानेवारीला फोटोवरचा पडदा सरला. अख्खं जळकोट लोटलं होतं. मथुराबाईंनी हार घातला, आणि बलभीमच्या नावाचा जयजयकार झाला. हेडमास्तरांनी भाषणात मार्तंडचं नाव घेतलं. "एका वीराचा चेहरा या माणसानं काळाच्या तोंडातून परत आणला," ते म्हणाले. मार्तंडनं मान खाली घातली, पण त्याची छाती कोटात मावत नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर तो ओसरीवर आला. खांबाशी एक दाढीवाला माणूस उभा होता.

"फोटो तुमी काढला?"

"व्हय. एक प्रत पाहिजे का? तुमचे कोण लागत होते ते?"

"फोटोतला माणूस म्याच हाय," तो म्हणाला. "अणदूरचा शरणप्पा."

मार्तंडला हसू येणार होतं. पण त्या माणसानं पटका काढला, आणि गेले कित्येक दिवस कुंचल्यानं जपलेल्या भुवया, नाक, हनुवटीवरची खळी त्याच्यासमोर उभी राहिली. दाढीआड, पण तीच.

"म्हंजे बाईंची नजर..."

"बलभीमच्या अव्वाला सांगू नका," शरणप्पा घाईनं म्हणाला. "लई वय झालंय. बलभीम माझा जिवाचा दोस्त. मला गोळी लागली, तवा मला पाठीवर घिऊन ओढा पार केला त्यानं. दुसरी गोळी त्यालाच लागली. त्याचं मढं गाडीत घालून म्याच अव्वाच्या दारात नेलं. आज तिनं माझ्याच तोंडाला हार घातला, मला बघवंना. पर तिला पोरगं घावलंय. ऱ्हाऊ द्या."

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून मथुराबाई बाहेर आल्या. शरणप्पानं झटकन पाठ फिरवली आणि पटका तोंडावर ओढला.

बाई सरळ त्याच्याकडंच आल्या. दोन्ही हातांनी त्याचं तोंड आपल्याकडं वळवलं आणि कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"तोंड कशाला लपवतूस, शरणप्पा?" त्या म्हणाल्या. "माझ्या बलभीमनं जीव देऊन राखलेलं तोंड हाय ह्ये. फोटोत लई झ्याक आलायस, लेकरा."