ताटातलं नाव

“मयूरा… मयूरा…”

हृषिकेशने मिटल्या डोळ्यांनीच पुन्हा हाक मारली आणि खाटेशेजारी बसलेल्या त्याच्या बायकोला एकदम भरून आलं.

“आई, ही इज कॉलिंग यू!” निहारिका कुजबुजली. “बाबा नेव्हर डझ दॅट.”

लेकीचं खरंच होतं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने हे नाव त्यानेच हौसेने लिहिलं. सावनीची मयूरा झाली. पण त्यानंतर एकदा या नावाने हाक मारली असेल तर शपथ! सदा आपलं “अगं” नाहीतर “ऐकलंस का?” मग बदललं कशाला नाव, म्हणून ती मनातल्या मनात धुसफुसायची.

ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीत हृषिकेश ग्रीक पुराणं शिकवायचा. बडे देव, शूर वीर सोडून त्याचा जीव अडकलेला एकाच नावाच्या किरकोळ माणसांत. क्रेऊसाच घ्या. एक क्रेऊसा लग्नाच्या आहेरातल्या विषारी वस्त्राने जळून मेली. दुसरी, ट्रॉय पेटलेलं असताना नवऱ्याच्या मागून चालत होती. मुक्कामी पोचेपर्यंत त्याने वळून पाहिलं नाही, आणि पाहिलं तेव्हा ती नव्हतीच.

“मेल्याने एकदा तरी मागे बघायचं!” त्याचं लिखाण टाइप करताना मयूरा कडाडली होती.

“अगं, ती वेगळी, ही वेगळी,” तो तुटकपणे म्हणाला होता. “नाव सारखं दिसलं की लोक गल्लत करतात.”

आज डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, संध्याकाळ निघाली तरी खूप. मयूराला आता दुसरं काही नको होतं. जाण्याआधी त्याने एकदा, फक्त एकदा, तिच्याकडे बघून तिचं नाव घ्यावं. पुढचं सगळं आयुष्य तेवढ्यावर काढायची तिची तयारी होती.

“मयूरा…”

“इथेच आहे मी! कुठे जाणार?” तिने त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. इतक्या वर्षांचा राग कुठल्या कुठे पळाला. वेडा कुठला, आधी हाक मारायला काय झालं होतं!

हृषिकेशने डोळे उघडले. नजर स्वच्छ होती. तिला ओळखलं त्याने. मग हात हळूच सोडवून घेतला आणि दाराकडे पाहिलं.

“अगं,” तो म्हणाला, “तू जरा बाहेर थांब. मयूरा येईल एवढ्यात.”