सारखी फुलं

दरवर्षी बायकोच्या वाढदिवसाला पेंटर स्वतःच्या हाताने भेटकार्ड करायचा. आजवर त्याने फुलं कुंचल्यानेच काढली होती. यंदा मात्र गुपचूप बाजारातून फुलं कोरलेलं तयार स्टेन्सिल आणलं, कार्डावर घट्ट चिकटवलं आणि स्पंजाने रंग टिपत गेला. हात कितीही थरथरला तरी रंग बाहेर जाणार नव्हता. तिला हाताचं कापरं कळलं, की शिडी बंद, दुकानांच्या पाट्या बंद, मग घरी बसून माश्या मारायच्या!

सकाळी त्याने कार्ड तिच्या हातात दिलं. तिची नजर चुकवायला त्याने चहाचा कप उचलला.

"किती सुबक आलीत हो फुलं! एक पाकळी इकडची तिकडे नाही."

त्याचा जीव भांड्यात पडला.

तिने फुलांवरून बोट फिरवलं. "पण तुमची दोन फुलं कधी सारखी नसतात."

"आता या वयात हाताला सफाई आली म्हण की," तो कसाबसा हसला.

"असं होय? मग उद्यापासून कप पूर्ण भरू? सांडू नये म्हणून दोन महिने अर्धाच देतेय."