बॉनेटवरचा हात

"धीराने घासलं, तर जगातलं काहीही गुळगुळीत होतं!" सासऱ्यांना असं सुनावून श्रीरंगरावांनी त्यांच्या नुकत्याच रंगवून आणलेल्या गाडीचं बॉनेट घासायला घेतलं. नवा रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसला होता. ओल्या पॉलिशपेपरने ती साल गेली. धीर अजून शिल्लक होता, म्हणून मधोमध रंगही गेला आणि खालचा राखाडी प्रायमर दिसू लागला.

तेवढ्यात सासरे दसऱ्याच्या पूजेचं ताट घेऊन आले. या गाडीला त्यांनी आजवर कोणाला हात लावू दिला नव्हता. श्रीरंगरावांनी उजवा पंजा त्या डागावर दाबून धरला.

"वा, अगदी लोण्यासारखं झालंय! सरका आता, जावईबापू."

"बरा आहे मी इथे, मामा."

सासूबाईंनी देवापुढचा पेढा पुढे केला. श्रीरंगरावांनी तो डाव्या हाताने घेतला.

"अहो, प्रसाद डाव्या हाताने?" बायको दारातून ओरडली. "उजव्याला काय झालंय?"

"त्याचा गाडीवर जीव जडलाय."

सासऱ्यांनी कुंकवात बोट बुडवलं. "उचला हो तो हात. तिथेच स्वस्तिक काढायचंय."

श्रीरंगरावांनी पंजा आणखी घट्ट दाबला.

"काढा की, मामा. फक्त जरा भरीव काढता का? साधारण माझ्या पंजाएवढं."